यंत्राने वाचविलेला तास कोणाचा?

शाळांतून निबंधासाठी दिल्या जाणाऱ्या विषयांत ‘यंत्र : शाप की वरदान?’ हा विषय बहुधा सर्वांत दीर्घायुषी असावा. विद्यार्थीदशेत आम्ही तो लिहिला आणि शिक्षक झाल्यावर कित्येक वर्षे दिलाही. त्याचे उत्तर ठरलेले असते. यंत्र दुधारी आहे, वापरणाऱ्यावर सारे अवलंबून आहे, असा शेवट केला की गुण पदरात पडतात. गेल्या वर्षी मात्र येथील एका मुलाने निराळेच लिहिले. शेतात तणनाशक फवारले जाऊ लागल्यापासून आईची निंदणीची कामे गेली. वेचणीला मात्र तिला पूर्वीसारखेच पहाटे जावे लागते. तेव्हा पंपाने वेळ वाचविला तो कोणाचा, हे आपल्याला कळत नाही, एवढाच त्याच्या निबंधाचा आशय. या प्रश्नाचे उत्तर आम्हांलाही तत्काळ देता आले नाही. ते शोधण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

नेरडीगोंडा हे राष्ट्रीय महामार्ग 44 वरील, निर्मळ व आदिलाबाद यांच्या दरम्यानचे गाव. भोवतालची काळी जमीन कापसाची. कापूस वेचला की त्यातून सरकी वेगळी करावी लागते. पूर्वी हे काम हातरेच्यावर होई; पुढे जिन आले, तरी जिनमध्ये टोपल्यांनी कापूस टाकावयास बाया लागतच. 2000 साली केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले आणि देशातील जिनिंग कारखान्यांच्या नूतनीकरणास वेग आला. आता कापूस हवेच्या नळीतून आपोआप यंत्रापर्यंत पोहोचतो आणि रुईची 170 किलोंची गाठ दाबयंत्रातून बाहेर पडते. टोपलीवालीची जागा नळीने घेतली. याउलट वेचणी अद्याप हातानेच होते. कारण येथे बोंडे एकाच वेळी उकलत नाहीत, दोनतीनदा वेचावे लागते आणि शेतेही लहान आहेत. म्हणजे यंत्र सर्व कामांवर सारखे येत नाही. एका हाताचे काम ते काढून घेते आणि दुसऱ्या हाताला तसेच राबत ठेवते.

यंत्र आल्यावर कामाचे तास कमी व्हावेत, ही सामान्य माणसाची अपेक्षा. इतिहासाची साक्ष मात्र उलट आहे. मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली स्थापिली. प्रारंभी गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. निदान अंधार तरी कामगाराचा कैवारी होता. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तो कैवारीही नाहीसा झाला. दिवस चौदापंधरा तासांपर्यंत लांबला. यामागील कारण सरळ आहे. यंत्रात मोठे भांडवल गुंतलेले असते, आणि यंत्र उभे राहिले की त्या भांडवलाचे व्याज अंगावर येते. म्हणून मालकास यंत्र अखंड चालावेसे वाटते, आणि यंत्राबरोबर माणूसही.

तास कमी झाले ते यंत्रामुळे नव्हे, मागणीमुळे व कायद्यामुळे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साप्ताहिक सुटी मागितली. 1890 साली रविवारची सुटी मिळाली. 1911 च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांचा दिवस 12 तासांचा केला, 1922 मध्ये आठवडा 60 तासांचा झाला, 1934 मध्ये 54 तासांचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते सांभाळीत असताना 1946 च्या दुरुस्तीने तो 48 तासांवर आला. आपण ज्याला स्वाभाविक कामाचा दिवस समजतो, तो असा बासष्ट वर्षांत, पायरीपायरीने मिळविलेला आहे.

आता मंदीचा विचार करू. मंदीत माल पडून राहतो, यंत्र थांबते आणि कामगार घरी बसतो, एवढेच आपण जाणतो. परंतु मंदी आणखी एक गोष्ट करते: ती यंत्रीकरणास निमित्त पुरविते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईचा कापडधंदा अडचणीत आला, तेव्हा दोन मागांऐवजी तीन माग एका विणकऱ्याने सांभाळावेत, अशी योजना निघाली. तिसरा माग एकाच्या हाती आला की तिघांचे काम दोघांत भागते व तिसरा विणकरी बाहेर पडतो, हे हिशेब न शिकलेल्या कामगारासही उमगले. 1928 चा सहा महिन्यांचा संप प्रामुख्याने याच प्रश्नावर झाला. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव ओसरत गेले आणि विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे अधिकाधिक वळले. तेथे बारा तासांची पाळी हाच रिवाज. काम नाहीसे झाले नव्हते. जेथे तासांना कुंपण नव्हते, तेथे ते गेले.

आमच्या कापसालाही दूरचे वारे लागतात. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (1861–65) येथील कापसाचा भाव चढला आणि युद्ध संपताच कोसळला. मुंबईतील पेढ्याच्या पेढ्या बुडाल्या. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के जकात बसविली आणि त्याच महिन्यात भारत सरकारने आयात कापसावरील 11 टक्के शुल्क उठविले. सवलत गिरण्यांना मिळाली. भावाची चिंता शेतकऱ्याच्या वाट्यास आली. शेतकऱ्याने हात आखडला की पहिला घाव वेचणाऱ्या बाईच्या मजुरीवर बसतो.

कायद्याची भिंत मात्र शेताच्या बांधापाशी थांबते. कारखान्याचा कायदा शेतास लागू नाही. वेचणीची मजुरी किलोवर, निंदणीची रोजावर किंवा गुत्त्यावर, आणि सालगड्याचा तर पाडव्यापासून पाडव्यापर्यंतचा सारा काळ विकलेला. जेथे घड्याळ आहे तेथेही ते सैल होत आहे: जुलै 2025 मध्ये तेलंगण सरकारने व्यापारी आस्थापनांस दिवसाला 10 तास काम घेण्याची मुभा दिली, आठवड्याची मर्यादा मात्र 48 तासांचीच ठेवली.

1930 साली, जागतिक मंदीच्या आरंभी, केन्स या अर्थशास्त्रज्ञाने भाकीत केले होते की शंभर वर्षांत माणसास आठवड्याला 15 तास काम पुरे होईल. ती शंभर वर्षे आता भरत आली. यंत्राची शक्ती त्याच्या अपेक्षेप्रमाणे वाढली; चुकला तो वाटणीचा अंदाज. वाचलेला तास तीन ठिकाणी जाऊ शकतो: कामगाराच्या विश्रांतीत, मालकाच्या नफ्यात किंवा बेकाराच्या रिकामपणात. तो कोठे जावा हे यंत्र ठरवीत नाही.

यापुढे आम्ही निबंधाचा विषय बदलला आहे. ‘यंत्राने वाचविलेला तास कोणास मिळाला?’ असे विचारतो, आणि उत्तर आपल्या घरात व शेतात शोधावयास सांगतो. वेचणी सुरू झाली की आमच्या हजेरीपटावर काही चौकटी रिकाम्या पडू लागतात. आईचे उणे झालेले रोज भरून काढावयास मूल शेतात जाते. म्हणजे पंपाने वाचविलेल्या तासाची किंमत अखेर शाळेचा तास देतो. त्या मुलास आम्ही पूर्ण गुण दिले. उत्तर देणे अद्याप बाकी आहे.