ओटावाच्या हिवाळ्यात मिळालेली सोबत

आपल्या बेटावरील मराठी घरांत कॅन्सर हा शब्द अजूनही मोठ्याने उच्चारला जात नाही. ‘त्यांना तो आजार झाला आहे,’ एवढे म्हणताना आवाज खाली येतो आणि पुढे कोणी काही विचारीत नाही. मीही अशाच घरात वाढले. म्हणून २०२२ च्या डिसेंबरात ओटावा येथील डॉक्टरांनी मला लिम्फोमा झाल्याचे सांगितले, तेव्हा मॉरिशसला कोणालाही कळवायचे नाही, असे मी त्याच संध्याकाळी ठरवून टाकले. माझ्या यजमानांनाही तशी शपथ घातली.

लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. आपल्या रक्तातील काही पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. त्याच पेशी बेसुमार वाढू लागल्या, की मान, काख, जांघ अशा ठिकाणच्या गाठी सुजतात. बहुधा त्या दुखत नाहीत आणि म्हणूनच माणूस त्यांकडे दुर्लक्ष करतो. माझ्या मानेवर अशी गाठ आली होती. रात्री घामाने उशी भिजत असे आणि वजन उतरत चालले होते. या रोगाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकाराला डॉ. थॉमस हॉजकिन यांचे नाव आहे. त्यांनी १८३२ साली लंडनमध्ये त्याचे वर्णन केले. दुसऱ्याला नॉन-हॉजकिन म्हणतात. माझा आजार दुसऱ्या प्रकारातला, झपाट्याने वाढणारा. पण औषधाने पुष्कळदा पूर्ण बराही होणारा.

उपचार ठरला तो असा : चार औषधे आणि त्यांच्या जोडीला रिटुक्सिमॅब, दर २१ दिवसांनी एकदा, अशा सहा खेपा. पहिली खेप जानेवारीत झाली. स्मिथ रोडवरील ओटावा हॉस्पिटलच्या कर्करोग विभागात खुर्चीत बसायचे आणि दिवसभर थेंब थेंब औषध शिरेतून घ्यायचे. ओंटारिओ प्रांतात रुग्णालयातील या औषधांचा खर्च सरकारी विमा उचलतो, त्यामुळे पैशांची काळजी नव्हती. काळजी होती ती पुढच्या वीस दिवसांची. काय काय होऊ शकेल ते कागदावर सारे छापलेले होते. पण कागद वाचणे वेगळे आणि अंगावर काढणे वेगळे.

दुसऱ्या खेपेच्या दिवशी शेजारच्या खुर्चीत एक वृद्ध गृहस्थ होते. व्हानिये भागात राहणारे, फ्रेंच बोलणारे, निवृत्त बसचालक. माझे फ्रेंच ऐकून त्यांनी विचारले, “मादाम, आपण कोणत्या बेटावरच्या?” मी मॉरिशस म्हटले आणि आमची ओळख झाली. मी त्यांना मस्ये म्हणत असे. त्यांचा आजार एकदा बरा होऊन उलटला होता, त्यामुळे ही सारी वाट त्यांच्या पायाखालची होती.

त्यांनी मला ज्या गोष्टी सांगितल्या त्या साध्याच होत्या. लाल रंगाचे औषध घेतल्यावर लघवी लाल होते, ते रक्त नव्हे, घाबरू नका. तोंडात लोखंडाची चव आली तर धातूचा चमचा सोडून प्लास्टिकचा वापरा आणि लिंबाचे आंबट खाऊन पाहा. मिठाच्या व खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने चुळा भरा. केस गळू लागण्याआधीच कापून टाका, म्हणजे उशीवर पुंजके पाहावे लागत नाहीत. आणि लोकरीची टोपी झोपतानाही घाला. प्रेडनिसोनच्या पाच दिवसांत झोप येणार नाही आणि घरच्यांवर विनाकारण चिडाल, तर त्यांना आधीच सांगून ठेवा. शेवटी म्हणाले, “ताप आला तर लाजू नका. रात्र असली तरी निघा. मागच्या वेळी मी सकाळपर्यंत थांबलो आणि मरता मरता वाचलो.”

ओंटारिओत केमोथेरपी घेणाऱ्यांना तापाविषयी एक कार्ड देतात. तोंडातील ताप ३८.३ अंश सेल्सिअस झाला, किंवा ३८ अंशांवर तासभर राहिला, तर ताबडतोब इस्पितळ गाठायचे. औषधानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी फार कमी होतात आणि साधा जंतूही जीव घेऊ शकतो. दुसऱ्या खेपेनंतर दहाव्या दिवशी, रात्री दोन वाजता, मला ३८.४ ताप होता. बाहेर बर्फ पडत होते. एखादी गोळी घेऊन सकाळची वाट पाहावी असे मनात आले. पण मस्येंचे शब्द आठवले आणि मी यजमानांना उठवले. रक्तात लढणाऱ्या पेशी जवळजवळ उरल्याच नव्हत्या. चार दिवस शिरेतून प्रतिजैविके चालू होती.

तिसऱ्या खेपेला मस्येंनी विचारले, “बेटावर कोणाला ठाऊक आहे?” मी मान हलवली. ते म्हणाले, “मग त्यांना तुमच्यासाठी प्रार्थना तरी कशी करता येईल?” त्याच रात्री दहा वाजता मी व्हाक्वाला फोन लावला. तिकडे सकाळचे सात वाजले होते. दादा बराच वेळ बोललाच नाही. वहिनी रडत म्हणाली, “वन्सं, आम्हांला परकं केलंत.” मग दादाने जे सांगितले ते मला ठाऊक नव्हते. आमच्या मावशीच्या मानेवरही अशीच गाठ होती. लोकांना दिसू नये म्हणून ती पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून घेई. डॉक्टरांकडे नेले तेव्हा फार उशीर झाला होता. तिला कोणता कर्करोग होता, हे आज कोणालाच सांगता येत नाही. घरात ‘मावशी खंगली’ एवढेच आम्हां मुलांना ऐकवले होते.

दुसऱ्या दिवशी वहिनीने अंगणातल्या सदाफुलीची पाने वाळवून पाठवण्याची तयारी केली. कॅन्सरचे औषध तिच्यातूनच निघते असे तिने ऐकले होते. ऐकले ते खरेच होते. सदाफुली मूळची आपल्या शेजारच्या मादागास्करची. १९५२ साली जमैकाहून तिची पाने टोरांटोचे डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे आली; तेथे लोक मधुमेहावर त्यांचा काढा पीत. ती पाने त्यांनी याच ओंटारिओतील लंडन शहरी संशोधन करणारे आपले भाऊ रॉबर्ट नोबल यांना दिली. मधुमेहावर उपयोग दिसेना. पण पांढऱ्या पेशी कमी होतात हे लक्षात आले. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी त्यातून व्हिन्ब्लास्टिन हे औषध वेगळे काढले. हॉजकिनच्या रोगावर ते आजही देतात. त्याच झाडातले व्हिन्क्रिस्टिन माझ्या सलाईनमध्ये होते. पण काढा मात्र कोणी पिऊ नये. पानांत विषारी द्रव्ये आहेत आणि किती पोटात गेली याचा हिशेब नसतो. इस्पितळातल्या औषधतज्ज्ञ बाईंनी स्पष्ट मना केले. वहिनीला मी म्हटले, “तुझी सदाफुली मला शिरेतून मिळते आहे, वहिनी. तू बुयों ब्रेद कशी करतेस तेवढे सांग.” तो गरम रस्सा त्या दिवसांत माझ्या पोटात टिकला.

ओटावातील रिडो कालव्याच्या गोठलेल्या पाण्यावर लोक ७.८ किलोमीटर स्केटिंग करतात. त्या हिवाळ्यात बर्फ पुरेसे घट्ट झाले नाही आणि हा मार्ग सुरू झाल्यापासून प्रथमच तो मुळी उघडलाच नाही. मस्येंना त्याचे फार वाईट वाटे. हॉकीवर त्यांचे प्रेम होते. मॉन्ट्रियल संघाचा कप्तान साकू कोइवू याला २००१ साली नॉन-हॉजकिन लिम्फोमा झाला. उपचार घेऊन ९ एप्रिल २००२ रोजी तो पुन्हा बर्फावर उतरला, तोही ओटावाच्याच संघाविरुद्ध. प्रेक्षक कित्येक मिनिटे उभे राहून टाळ्या वाजवीत होते. ही गोष्ट मस्येंनी मला निदान तीन वेळा सांगितली आणि तिन्ही वेळा मी ती मन लावून ऐकली.

माझी सहावी खेप मे महिन्यात संपली. त्यानंतरच्या तपासणीत रोगाचा मागमूस दिसला नाही. मस्येंना मात्र औषध पुरे पडले नाही. ऑगस्टमध्ये ते गेले. सोबतीने रोग बरा होतो असे मी म्हणणार नाही. तो औषधाने बरा होतो, आणि कधी कधी औषधानेही होत नाही. पण त्या रात्री मी सकाळची वाट पाहिली नाही, ती त्यांच्या सोबतीमुळे.

असा आधार कॅनडातच मिळतो असे नाही. तेथे कॅनेडियन कॅन्सर सोसायटी आणि लिम्फोमा कॅनडा या संस्था रुग्णांची रुग्णांशी गाठ घालून देतात. मुंबईत १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात दूरदूरचे लोक येतात; त्यांतील कित्येक कुटुंबे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतात. तेथे शेजारच्या खाटेवरचा माणूसही त्याच वाटेवरचा असतो. आपल्या बेटावर लिंक टू लाइफ ही संस्था कर्करोगाच्या रुग्णांना आधार देते.

म्हणून माझी विनंती एवढीच. मान, काख किंवा जांघेत न दुखणारी गाठ आली आणि काही आठवड्यांत गेली नाही, तर पदराआड लपवू नका; डॉक्टरांना दाखवा. आजार निघालाच तर घरच्यांना सांगा आणि त्या वाटेने गेलेल्या एखाद्याला गाठून त्याचे ऐका. औषध मात्र डॉक्टरांच्याच सल्ल्याने घ्या. आणि आपण स्वतः बरे झाला असाल, तर गावात कोणाला हा आजार झाल्याचे कळताच त्याच्या दारी जाऊन बसा.