पोलादाचा अदृश्य शत्रु

लोखंडाचा शत्रु कोण, असें विचारलें तर कोणीहि गंजाचेंच नांव घेईल. गंज डोळ्यांना दिसतो व त्याचा बंदोबस्तहि करतां येतो. परंतु पोलादी नळांना न दिसणारा असा दुसरा एक शत्रु आहे. तो म्हणजे हायड्रोजन वायु.

इ. स. १८७५ मध्यें विल्यम जॉन्सन यांचा या विषयावरील निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीनें प्रसिद्ध केला. आम्लांत बुडविलेली लोखंडी तार वांकवितांच मोडते. मोडलेली जागा ओली केल्यास तेथें बुडबुडे येतात. आणि तार कांहीं काळ तशीच ठेवल्यास तिचा चिवटपणा परत येतो, असें त्यांना आढळलें.

याचें कारण असें. हायड्रोजनाचा चिमुकला अणु लोखंडाच्या अणूंमधील फटींतून आंत शिरतो, आणि जेथें ताण अधिक किंवा धातु सदोष, तेथें गोळा होतो. मग जो नळ एरव्हीं नुसता ताणला गेला असता, तो एकाएकीं तडकतो. पोलाद जितकें कठीण तितका धोका अधिक. शिवाय हा तडा पुष्कळदां लगेच न पडतां कांहीं तासांनीं किंवा दिवसांनीं पडतो.

हा वायु मुख्यतः तीन वाटांनीं शिरतो. वेल्डिंगची कांडी दमट असली, तर त्या ओलाव्यांतील हायड्रोजन वितळलेल्या धातूंत मुरतो. दुसरी वाट नळांतील वायूची. मुंबईनजीकच्या अरबी समुद्रांतील वसई क्षेत्राच्या नैसर्गिक वायूंत हायड्रोजन सल्फाइड असतो. ओल मिळतांच तो पोलादाला खातो व त्या क्रियेंत हायड्रोजनाचे अणु सुटतात. म्हणून हा वायु हजिरा येथें शुद्ध करून मगच पुढें धाडतात.

तिसरी वाट यवतमाळसारख्या कपाशीच्या जिल्ह्यानें विशेष ध्यानांत घ्यावी. काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. त्या ओढाताणीनें पुरलेल्या नळावरील लेप फाटूं शकतो. उघडें पडलेलें पोलाद गंजूं नये म्हणून जमिनींतून त्याकडे मंद वीजप्रवाह सोडतात. तांबें व मोरचूद यांच्या अर्धघटाशीं तुलना करून नळाचा विद्युद्दाब उणे ०.८५ व्होल्टपर्यंत आणतात, उणे १.२ च्या पलीकडे सहसा जाऊं देत नाहींत. प्रवाह प्रमाणाबाहेर गेला, तर मातींतील ओलाव्यापासून हायड्रोजन निघून नळावर जमतो. अति तेथें माती, ही म्हण येथेंहि खरी ठरते.

उपाय साधे, पण काटेकोरपणें पाळावयाचे आहेत. कांड्या भट्टींत वाळवाव्या, सांधण्यापूर्वीं नळ तापवावा, सांध्याचा कठीणपणा मर्यादेंत ठेवावा आणि वीजप्रवाह नियमानें मोजावा. भारत सरकारनें २०२३ मध्यें राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलें. हा वायु जुन्या नळांतून न्यावयाचा झाल्यास त्या नळांच्या पोलादाची व सांध्यांची परीक्षा आधीं करणें भाग आहे.