विरलेल्या लुगड्याचे पुढचे आयुष्य

दसरा उलटला की घरोघरचे माळे रिकामे होऊ लागतात. पितळेचे डबे, गंजलेल्या ट्रंका, मुलांची झबली, आजीची विरलेली लुगडी खाली उतरतात आणि घरात दोन तट पडतात. एकाचे म्हणणे, आठवण आहे, राहू द्या. दुसऱ्याचे म्हणणे, इतक्या वर्षांत कोणी हात लावलेला नाही, देऊन टाका. बहुतेक वेळा निकाल लागतच नाही. वस्तू पुसली जाते आणि पुन्हा माळ्यावर चढते. हा भावना आणि व्यवहार यांच्यातला झगडा आहे, असे आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. वस्तू जशीच्या तशी ठेवायची किंवा पुरती टाकायची, असे दोनच रस्ते आज उरले आहेत, म्हणून हा पेच पडतो. दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या मराठी घरात तिसरा रस्ता होता आणि बहुतेक वस्तू त्याच रस्त्याने जात. वस्तू कापायची, मोडायची, आटवायची आणि बदललेल्या रूपात वापरात ठेवायची. जपणे आणि सोडणे या तेव्हा एकाच कामाच्या दोन बाजू होत्या.

सुती नऊवारी लुगड्याचेच पाहा. सुमारे सव्वाआठ मीटर कापड, पण ते सगळीकडे सारखे झिजत नाही. बसण्या-उठण्याने मधला भाग आधी विरतो, काठ-पदर मात्र धड राहतात. म्हणून फाटका भाग काढून उरलेले दोन तुकडे जोडत, त्याला दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडे आणखी काही काळ अंगावर चाले. तेही संपले की धडक्या भागातून मुलीचा परकर निघे, बाळाची दुपटी आणि लंगोट निघत. पुष्कळ घरांत तान्ह्या बाळाला पहिले काही दिवस नवे कापड घालत नसत, जुन्याचेच झबले शिवत. त्यामागे रूढी होतीच, पण शहाणपणही होते. वारंवार धुण्याने सुताची खळ निघून जाते, धागा मऊ पडतो आणि पाणी चांगले शोषतो. कोवळ्या कातडीला याहून बरे कापड नाही. त्यानंतरचे तुकडे गोधडीत जात. आत विरलेली धोतरे आणि उडालेल्या रंगाची लुगडी, वर जरा बऱ्या कापडाचे ठिगळ, आणि सगळ्यांना धरून ठेवणारा हातचा धावदोरा. कुठे गोधडी म्हणतात, कुठे वाकळ. बंगालचा कांथा किंवा उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांची कवंदी हीही याच विचाराची भावंडे. गोधडीलाही न लागलेल्या चिंध्यांची डोक्यावरच्या हंड्यासाठी चुंबळ होई, जमीन सारवायला पोतेरे होई. एका कापडाचा इतका लांबचा प्रवास घरातल्या घरात, बायकांच्या हातून होत असे. आजोबांचे धोतर आणि आजीचे लुगडे नातवाच्या पांघरुणात एकत्र येत, तेव्हा त्यांची आठवण रोज रात्री अंगाशी असे. ट्रंकेतल्या घडीला हे कसे जमावे?

धातूचा नियम वेगळा, पण दिशा तीच. तांब्यापितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की कल्हईवाला यायचा. भांडे तापवून तो नवसागराने आतला थर स्वच्छ करी आणि वरून कथील फिरवी. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे रस्त्याकडेच्या भात्यावरही हे काम होई. भांडे ठोकूनही दुरुस्त होईना, तेव्हा ते मोडीत जाई आणि वजनावर पैसे किंवा नवे भांडे मिळे. पुण्याच्या तांबट आळीसारख्या ठिकाणी जुना धातू नव्या घडणीत पुन्हा उभा राहिला. जरीचेही तसेच. खऱ्या जरीत चांदीची तार असे, तिच्यावर सोन्याचा मुलामा. म्हणून जीर्ण शालू-पैठणी विकत घेणारे दारावर येत आणि ती जाळून चांदी काढली जाई. अनेकांना हे ऐकून हळहळ वाटते. पण घड्यांवर चिरत चाललेले रेशीम कोणाच्याच अंगावर चढणार नव्हते.

या साखळीतला घराबाहेरचा सर्वांत मोठा दुवा म्हणजे बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरणाऱ्या या बायका बहुतांशी मूळच्या गुजरातेतल्या वाघरी, म्हणजेच देवीपूजक समाजाच्या. चार साड्या आणि दोन पँटींवर एक पातेले. त्यासाठी होणारी घासाघीस तासभर चाले. घेतलेले कपडे त्या निवडत, धुऊन-शिवून घेत आणि बाजारात हातावर पोट असलेल्यांना विकत. दिल्लीच्या रघुबीर नगरात याच समाजाचा जुन्या कपड्यांचा मोठा बाजार भल्या पहाटे भरतो. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ ल्यूसी नॉरिस यांनी २०१० साली भारतातल्या जुन्या कपड्यांच्या फेरवापरावर जे पुस्तक लिहिले, त्यात या व्यवहाराचा सविस्तर अभ्यास आहे. पातेल्याच्या मोहाने आपण साडी देतो असे वरवर दिसते. मला वाटते, पातेले मिळाल्यामुळे साडी सोडणे सोपे जाते. ती वाया गेली असे वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, की हे सारे गरिबीचे लक्षण होते, त्याला संस्कृतीचा मुलामा कशाला? ते बऱ्याच अंशी खरे आहे. कापड महाग होते म्हणून दंड घालत, हौसेने नव्हे. पण सधन घरांतही दुपटे जुन्याच लुगड्याचे शिवत आणि मोड सोनारा-कासारांकडे जाई. टंचाईने ही रीत जन्माला घातली, एवढ्याने ती रीत टाकाऊ ठरत नाही. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. गोधडी शिवण्यात बायकांच्या दुपारच्या दुपारी गेल्या, त्याचे मोल कोणी धरले नाही. बोहारणीला उंबऱ्याबाहेर बसवून, तिच्या कष्टांवर संशय घेऊन व्यवहार केला गेला. शिळे आणि फाटके घरकामाच्या बाईच्या हातात ठेवून दानाचे समाधान मिळवण्याची सवयही याच रिवाजातली. त्या रिवाजाची बाजू घेताना हे लपवता कामा नये. तिसरा रस्ता पुन्हा मोकळा व्हायचा तर शिवणारीला शिलाई आणि वेचणाऱ्याला भाव मिळाला पाहिजे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिने कचऱ्यातून माल वेगळा करणाऱ्यांच्या कामाला काम म्हणून मान मिळवण्याचीच लढाई लढली.

मग रस्ता बंद कसा झाला? माणसे निष्ठुर झाली, हे उत्तर मला मान्य नाही. आधी कापड बदलले. १९८२च्या जानेवारीत मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर सुती गिरण्या पूर्वीच्या जोमाने उभ्या राहिल्या नाहीत. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना सुरू झाला. एकामुळे दुसरे घडले असे नाही, पण कपाटातले कापड कुठून कुठे गेले हे या दोन घटनांतून दिसते. पॉलिएस्टरची साडी वर्षानुवर्षे विरत नाही, पाणी शोषत नाही; तिचे ना दुपटे होते, ना पोतेरे. सूत आणि पॉलिएस्टर एकत्र कातलेले असले तर वेगळे करणेही अवघड. पानिपतच्या कारखान्यांत जुन्या लोकरी कपड्यांचे तंतू पिंजून स्वस्त ब्लँकेटे होतात, पण ते घरापासून फार लांबचे आणि निनावी आहे. कापडापाठोपाठ घर बदलले. पुनर्विकासातल्या सदनिकेला बहुधा माळा नसतो. निर्णय पुढे ढकलण्याची जागाच गेली, आणि सामान बांधायच्या आठवड्यात जे हाती लागेल ते टेम्पोत किंवा कचऱ्यात जाते.

काही वस्तू मात्र कापता-आटवता येत नाहीत, हेही खरे. हस्ताक्षरातली पत्रे, फोटो, जन्मपत्रिका यांचे रूप हाच त्यांचा अर्थ. आणि सगळ्यांनीच सगळे मोडीत काढले असते तर पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय उभेच राहिले नसते. दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) हयातभर दिवे, अडकित्ते, कुलपे, पेट्या अशा घरगुती वस्तू गोळा केल्या, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने संग्रह उभारला आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाला दिला. पण त्यांनी जपल्या त्या मुख्यतः घडणीने असामान्य असलेल्या वस्तू. प्रत्येक घराला संग्रहालय होता येत नाही आणि होण्याची गरजही नाही. पत्रांची एक कोरडी, उन्हापासून दूर ठेवलेली पेटी पुरे. बाकीच्या वस्तूंबाबत एकच बदल तातडीने करण्याजोगा आहे. ज्यांच्या त्या आहेत, त्यांना ते हयात असतानाच विचारावे. तेराव्यानंतरच्या गर्दीत लेकीसुना साड्या वाटतात, तेव्हा कोणती डोहाळजेवणाची, कोणती पहिल्या पगाराची, हे सांगणारे कोणी उरलेले नसते. म्हणून सगळ्या सारख्याच पवित्र ठरतात आणि सगळ्याच अडून बसतात. आजी स्वतः कात्री हातात घेऊन सांगते, ही सुती आहे, हिची गोधडी शिव, ही जाऊ दे, आणि या पदराचा तुकडा तेवढा ठेव, तेव्हा माळ्यावर चढवायला फार काही उरत नाही.