काट्यावरची पिकअप

सकाळी ७. मुलुंड चेकनाका. मालकाला आदल्या रात्री फोनवर बजावलं होतं, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. तरी आल्याआल्या बॉनेटवर तळहात ठेवतो. कोमट लागलं, तर समजायचं की पहाटेच चालू करून ठेवली होती. आज बॉनेट थंड. पहिल्या चावीला उठली, धूर जरासा आला आणि विरला. ऑइलचं झाकण काढून वर हात धरला, भपकारा नाही. इंजिनबद्दल तक्रार नाही.

गिऱ्हाईक भांडुपचं. सिमेंट-वाळूचं दुकान, आजवर छोट्या हत्तीवर भागवलं, आता बोलेरो पिकअप हवी, १.७ टनवाली. "मेस्त्री, चौतीस गोणी बसतील ना?" गोण ५० किलोची, म्हणजे हिशोब बरोबर आहे. कागदावर.

७.३०. पुठ्ठा पसरून गाडीखाली. केबिनचा रंग, सीटकव्हरं, म्युझिक सिस्टीम हे मी शेवटी बघतो, कधीकधी बघतही नाही. पिकअपचं आयुष्य हौद्याखाली लिहिलेलं असतं. इथे पाटे मोजले तर दोन्ही बाजूंना एकेक जास्त चढवलेला. चॅसीवर सगळीकडे चिखलाचा थर, फक्त डाव्या मागच्या शॅकलजवळ वीतभर काळा रंग ताजा. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला. खाली वेल्डिंगची जाड रेघ.

"अहो, सगळेच पाटा चढवतात," मालक म्हणाले. खरंय. पाट्याबद्दल मी काही बोललोच नव्हतो.

टायर नवे दिसत होते. बाजूवर ३२१९ कोरलेलं, म्हणजे २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यातले. नक्षी नवी दिसली तरी रबर जुनंच.

९.००. भांडुप. दुकानातूनच तीस गोणी भरल्या. रिकामी पिकअप चालवून बघणाऱ्यांचं मला नवल वाटतं, रिकामी तर कुठलीही पळते. मालकांचा माणूस सोबत बसला आणि आम्ही खिंडीपाड्याच्या चढाला लागलो. गिऱ्हाईकाची डिलिव्हरी अशाच वस्त्यांत, तेव्हा परीक्षाही तिथेच. अर्ध्या चढावर थांबवून हँडब्रेक ओढला. धरला. क्लचवर उचलली, जळका वास नाही. सपाटीवर येऊन मागे उभा राहिलो तर हौदा डावीकडे दोन बोटं खाली. वेल्डिंग होतं तीच बाजू.

११.००. गोणी उतरवून एलबीएस रोडवरच्या काट्यावर. ड्रायव्हरसकट सगळ्यांना खाली उतरवलं आणि चिठ्ठी घेतली. आरसीवरच्या रिकाम्या वजनापेक्षा गाडी १५० किलोने जड! थोडं टाकीतल्या डिझेलचं धरा, पण बाकीचं कुठलं? वाढवलेले पाटे, हौद्यात ठोकलेला जाड चेकर्ड पत्रा, उंच केलेला कठडा. पासिंग भरलेल्या गाडीच्या एकूण वजनावर असतं, गाडीच जड झाली की माल तेवढा कमी. चौतिसातल्या तीन गोणी इथेच गेल्या. भरल्याच, आणि पकडलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये, वर जादा टनामागे २,०००. तीन गोणींचं भाडं किती, हे दुकानदाराला मी काय सांगणार!

१२.३०. वडापाव आणि मोबाइलवर कागद. गाडी एमएच-०३, भांडुपही वडाळा आरटीओतच, त्यामुळे दुसऱ्या आरटीओची एनओसी नको, फॉर्म २९-३० वर नाव बदलेल. आरसीवर बँकेचा बोजा मात्र अजून आहे. हप्ते फिटले म्हणतात, पण बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात येईपर्यंत टोकनसुद्धा द्यायचं नाही. गाडीला आठ वर्षं झाली, यापुढे फिटनेस दर वर्षी. गिऱ्हाईकाचा भाचा चालवणार आहे, त्याचं साधं एलएमव्ही लायसन्स चालेल. ७,५०० किलोपर्यंत वेगळ्या शिक्क्याची गरज नाही, असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय.

४.००. पुन्हा चेकनाका. मालक पंचवीस हजारांनी खाली आले. गिऱ्हाईकाची नजर माझ्याकडे. बोजाचं पत्र मिळेल, टायर बदलता येतील, पत्रा काढता येईल. फाटून जोडलेल्या चॅसीचं मी काय करू? "दादा, पन्नास हजारांनी उतरले तरी ही नको," एवढंच म्हटलं. मालक चिडले, गिऱ्हाईकही जरा खट्टू झालं, कारण इंजिन त्याला आवडलं होतं. मलाही आवडलं होतं.

सौदा झाला नाही तरी माझी मजुरी ठरलेली, झाला तरी तेवढीच. विकणाऱ्याकडून दलाली घेणारे मेस्त्रीही आहेत, त्यांना अशी वेल्डिंगं दिसत नाहीत. शुक्रवारी बोरिवलीची एक गाडी बघायची आहे, एमएच-४७. तेव्हा एनओसीसाठी फॉर्म २८ लागेल, हे गिऱ्हाईकाला रिक्षात बसतानाच सांगून ठेवलं.