मुद्दाम पाडलेले बिघाड

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी वाटणे, डिस्क वाचणे, प्रोग्रामना पाळीपाळीने प्रोसेसर देणे ही त्याची कामे. पेण-रोह्याच्या गाडीत प्रवाशांच्या हाती दिसणाऱ्या अँड्रॉइड फोनांत लिनक्सचा कर्नल असतो. अ‍ॅप कोलमडले तर पुन्हा उघडता येते. कर्नल कोलमडला की सगळे यंत्रच थांबते.

‘मेमरी मिळाली नाही तर’, ‘डिस्कने दगा दिला तर’ अशा प्रसंगांसाठीही कर्नलमध्ये कोड लिहिलेला असतो. प्रसंग क्वचित येतात, म्हणून तो कोड क्वचितच चालतो, आणि चुका नेमक्या तिथे दडून राहतात. त्या बाहेर काढायला बिघाड मुद्दाम घडवतात. २००७ साली आलेल्या लिनक्स २.६.२० मध्ये ही सोय दाखल झाली. तिच्यातला ‘फेलस्लॅब’ मेमरीच्या छोट्या मागण्या नाकारतो. ‘फेल-मेक-रिक्वेस्ट’ डिस्कचे काम फसवतो. शेकडा किती मागण्या नाकारायच्या, कोणत्या प्रोग्रामच्या, हे परीक्षक ठरवतो.

नकार मिळाल्यावर कर्नलने आधी घेतलेली मेमरी परत करावी, लावलेली कुलुपे सोडावीत आणि अपयश वर कळवावे, एवढीच अपेक्षा. साधीच, पण अनुभवी प्रोग्रामरही इथे चुकतात.

नकार यादृच्छिक असले की सापडलेली चूक पुन्हा घडवणे अवघड जाते. त्यावर तोड ‘फेल-एन्थ’ची: आधी पहिली मागणी नाकारायची, पुढच्या फेरीत दुसरी, मग तिसरी. माणसाला कंटाळवाणे असलेले हे काम गूगलचे ‘सिझकॉलर’ नावाचे चाचणी-साधन न थकता करते. ग्राहकाच्या फोनमध्ये मात्र बिघाड घडवण्याची ही सोय सहसा बंदच ठेवतात.