जांभळ्या ड्रॅगनची उतरंड

'प्लॅटफॉर्म' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्हिडिओ खेळांची मूळ कल्पना अगदी साधी आहे: पडद्यावरच्या पात्राने एका उंचवट्यावरून दुसऱ्या उंचवट्यावर उडी मारायची, मधल्या खाईत पडायचे नाही आणि वाटेतले शत्रू चुकवत किंवा लोळवत पुढे जायचे. अशा खेळात कथा दुय्यम असते, संवाद बहुधा नावापुरते असतात, त्यामुळे त्याचा कस एकाच गोष्टीवर लागतो: समोर कोणतेही काम नसतानाही नुसते धावण्या-उडण्यात खेळणाऱ्याचे मन रमते की नाही. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेली 'स्पायरो द ड्रॅगन' ही मालिका पुढे इतक्या निर्मात्यांच्या हाताखालून गेली आणि तिने इतकी रूपे बदलली, की तिच्या खेळांची प्रतवारी लावताना हीच कसोटी हाताशी ठेवणे सोयीचे ठरते. मालिकेतील तिसरा खेळ सर्वांत मोठा, म्हणून तोच सर्वोत्तम, असे मत तिच्या चाहत्यांत वारंवार ऐकू येते. प्रस्तुत लेखात मात्र पहिला मान पहिल्याच खेळाला दिला आहे, आणि त्याचे कारण त्या ड्रॅगनच्या अपुऱ्या पंखांत आहे.

हा खेळ घडवणारी इन्सोम्नियाक गेम्स ही कॅलिफोर्नियातील कंपनी टेड प्राइस यांनी १९९४ साली स्थापन केली. 'डिसरप्टर' (१९९६) हा तिचा पहिला खेळ बंदुकीच्या लढाईचा होता. समीक्षकांनी त्याला बरे म्हटले, पण तो फारसा खपला नाही. त्या काळी निन्टेन्डो ६४ या यंत्राकडे लहान मुलांसाठी भरपूर खेळ होते आणि सोनीच्या प्लेस्टेशनकडे त्यांची वानवा होती. ही उणीव हेरून, युनिव्हर्सल कंपनीत निर्मितीची बाजू सांभाळणारे मार्क सर्नी यांनी इन्सोम्नियाकला अधिक व्यापक वर्गासाठी खेळ करण्याचा सल्ला दिला. ड्रॅगनची कल्पना क्रेग स्टिट या चित्रकाराची. पात्राचे रेखाटन 'क्रॅश बँडिकूट'च्या आरेखनात सहभागी असलेल्या चार्ल्स झेंबिलास यांचे. आरंभी हा ड्रॅगन हिरवा होता, परंतु हिरव्या गवतावर तो दिसेनासा होई, म्हणून त्याला जांभळा रंग देण्यात आला. नावही पीट, मग पायरो असे बदलत शेवटी स्पायरोवर स्थिरावले. रंग बदलण्यामागचा हा हेतू लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण काय दिसते आणि किती दुरून दिसते, हा या खेळाचा गाभाच आहे.

प्लेस्टेशनची मुख्य स्मृती अवघी २ मेगाबाइटची होती. त्रिमितीय दृश्य म्हणजे असंख्य लहान बहुभुजांची जुळणी, आणि त्यांवर लाकूड, दगड, गवत यांचा भास देणारे 'टेक्श्चर', म्हणजे पोताचे चित्र, चिकटवलेले असते; दूरवरची सगळी दृश्ये अशा रीतीने रंगवणे त्या यंत्राला पेलत नसे, आणि म्हणून त्या काळातील अनेक खेळांत काही अंतरापुढे धुके पसरलेले दिसे. इन्सोम्नियाकचे प्रोग्रॅमर अॅलेक्स हेस्टिंग्ज यांनी यावर काढलेला तोडगा असा, की जवळच्या वस्तू पोतासह बारकाईने रंगवायच्या आणि त्याच वस्तू दूर असताना कमी बहुभुजांच्या, पोतरहित, सपाट रंगाच्या आकृतीत दाखवायच्या, आणि खेळणारा जवळ जाऊ लागला की एका रूपातून दुसऱ्यात बेमालूम सरकायचे. परिणामी टेकडीवर उभ्या असलेल्या स्पायरोला दरीपलीकडचा मनोरा धुक्याविना स्वच्छ दिसे.

या दिसण्याला खेळाच्या नियमाची जोड मिळाली, आणि तिथेच पहिल्या खेळाचे मोठेपण आहे. स्पायरो ड्रॅगन असूनही उडू शकत नाही, तो केवळ तरंगतो: उडी मारून पंख पसरले, की तो हळूहळू खाली उतरत पुढे सरकतो. म्हणजे जितकी उंची हाती, तितकीच लांब झेप शक्य. पलीकडच्या कड्यावर चमकणारे रत्न दिसले की खेळणारा आपोआप मागे वळून पाहतो आणि त्याहून उंच जागा कोणती, तिथे चढायचे कुठून, याचा अंदाज बांधू लागतो. 'ट्री टॉप्स' या प्रदेशात हीच कल्पना टोकाला नेली आहे. तिथे उतारावरून वेग घेत, एका झाडाच्या फलाटावरून दुसऱ्यावर झेपावत, वाटेतच वळण घेऊन भलत्याच दिशेचा उतार पकडावा लागतो, आणि तो मार्ग शोधण्यात तासन्‌तास जातात. कुठेही पाटी नाही, बाण नाही. सगळे डोळ्यांसमोर मांडलेले असते आणि तरीही सापडत नाही. मालिकेतील पुढच्या कोणत्याही खेळाला असा दुसरा प्रदेश साधलेला नाही.

लढाईचे नियमही असेच मोजके आहेत. स्पायरोकडे दोनच शस्त्रे, तोंडातली आग आणि शिंगांची धडक. अंगाने थोराड असलेला शत्रू धडकेला दाद देत नाही, त्याला जाळावे लागते, आणि धातूच्या चिलखतातला शत्रू आगीला दाद देत नाही, त्याला धडकावे लागते. शत्रू दिसताक्षणी कोणते शस्त्र वापरायचे हे कळते, चूक झाली तर ती खेळणाऱ्याचीच असते. शक्ती किती उरली हे दाखवण्यासाठी पडद्यावर आकडे वा पट्ट्या नाहीत. स्पायरोभोवती घिरट्या घालणारा स्पार्क्स हा चतुर सोनेरी असतो, घाव बसला की निळा, मग हिरवा होतो आणि शेवटी नाहीसा होतो, आणि फुलपाखरू खाल्ले की पुन्हा तेजाळतो. स्ट्युअर्ट कोपलँड या 'द पोलीस' बँडच्या ड्रमवादकाचे संगीत या साऱ्याला अशी काही लय देते की ते बंद करून खेळल्यास तोच खेळ अर्धा वाटतो.

कथा चार ओळींची आहे. नॅस्टी नॉर्क नावाचा दुष्ट जीव ड्रॅगनांना स्फटिकात गोठवतो आणि त्यांच्या खजिन्यातील रत्नांचे सैनिक बनवतो. म्हणून मारलेल्या प्रत्येक शत्रूतून एक रत्न निघते आणि खजिन्याचा हिशेब पुरा होत जातो. गुप्तधनावर बसलेल्या नागाच्या गोष्टी मराठी वाचकाला परक्या नाहीत, आणि युरोपीय ड्रॅगनही तसाच धनावर वेटोळे घालून बसणारा. स्पायरो मात्र विखुरलेले धन एकेक करून वेचत फिरतो. एकूण ८० ड्रॅगन, चोरांनी पळवलेली १२ अंडी आणि लाल रत्नाला १ पासून गुलाबीला २५ पर्यंत अशा मोलाने मोजलेला १४,००० चा खजिना असा हा पसारा. त्यातील १२,००० चा खजिना, सगळे ड्रॅगन आणि सगळी अंडी जमल्यावर 'नॅस्टीज लूट' हे अखेरचे दालन उघडते, उरलेला २,००० चा ऐवज तिथे ठेवलेला असतो, आणि तो गोळा करण्यासाठी स्पायरोला पहिल्यांदाच वेळेचे बंधन नसलेले, मनसोक्त उड्डाण करता येते. तोवर काळाच्या धाकाखालील पाच उड्डाण-टप्प्यांपुरतेच जे हातात दिलेले होते, ते बक्षीस म्हणून द्यायचे, ही रचना बांधणाऱ्याला आपल्या खेळाचा जीव कशात आहे हे नेमके ठाऊक होते.

पहिल्या खेळात उणिवा नाहीत असे नव्हे. त्यातील प्रमुख शत्रू फारच सोपे आहेत, अखेरची लढत म्हणजे निव्वळ पाठलाग आहे, आणि स्फटिकातून सुटलेले ड्रॅगन बहुतेक वेळा एखादे वाक्य बोलून निघून जातात.

या उणिवा १९९९ च्या 'रिप्टोज रेज'ने भरून काढल्या, म्हणून दुसरे स्थान त्याचे. (युरोपात हाच खेळ 'गेटवे टू ग्लिमर' या नावाने आला.) अव्हालार या जगात रिप्टो नावाचा बुटका आणि भलताच चिडका जादूगार उच्छाद मांडतो, आणि एलोरा, हंटर हा चित्ता व प्रोफेसर यांच्या मदतीने स्पायरो त्याला आवरतो. इथे प्रत्येक प्रदेशाला स्वतःचे रहिवासी, स्वतःची भांडणे आणि आरंभी व शेवटी एकेक विनोदी प्रसंग आहे. ब्रीझ हार्बर आणि झेफिर या दोन प्रदेशांतले लोक एकमेकांशी युद्ध करत असतात आणि स्पायरो निर्विकारपणे आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला मदत करून येतो, हा त्यातला सर्वांत मिश्कील भाग. मनीबॅग्ज हे कंजूष अस्वल पोहणे, चढणे अशा साध्या कौशल्यांसाठीही रत्ने उकळते आणि खेळणाऱ्याच्या मनात इतकी चीड निर्माण करते की खरा खलनायक रिप्टो की हा, असा प्रश्न पडावा. लढती चुरशीच्या आहेत. मात्र तरंगण्याच्या शेवटी थोडे वर उचलले जाण्याची सोय या खेळाने दिली, आणि तिच्यामुळे उंचीचा काटेकोर हिशेब सैल झाला. शिवाय एखादे कौशल्य मिळाल्यावर जुन्या प्रदेशात परतून राहिलेले काम उरकण्याची सक्ती कंटाळा आणते. ब्रीझ हार्बरमधील ट्रॉलीवरून दातेरी चक्रे गोळा करण्याचे काम तर ज्याने केले आहे, तो त्याचे नाव काढताच कपाळाला हात लावतो.

२००० साली आलेला 'इयर ऑफ द ड्रॅगन' तिसऱ्या स्थानी ठेवल्याबद्दल नाराजी ओढवणे अटळ आहे. चिनी पंचांगानुसार ते वर्ष ड्रॅगनचे होते, त्यावरून हे नाव आले. चेटकिणीने पळवलेली १५० अंडी परत आणायची आहेत, आणि शीला ही कांगारू, सार्जंट बर्ड हा पेंग्विन, बेंटली हा यती व एजंट ९ हे माकड यांनाही खेळवता येते. स्केटबोर्ड आहे, बंदुकीची चकमक आहे, मुष्टियुद्ध आहे. जत्रेतल्या पाळण्यासारखे दर पाच मिनिटांनी काही नवे समोर येते. पण जत्रेत पाय एका जागी ठरत नाहीत. यातील कितीतरी अंडी एखाद्या छोट्या स्वतंत्र खेळाचे बक्षीस म्हणून मिळतात, आणि ज्या प्रदेशात ती मिळतात त्याच्या रचनेशी त्या कामाचा संबंध पुष्कळदा नसतो. धावणे, पाहणे आणि झेपावणे यांचा जो एकजीव अनुभव पहिल्यात होता, तो इथे विविधतेच्या मोबदल्यात खर्ची पडला. शेवटी मनीबॅग्जचा पाठलाग करून त्याला दिलेली सगळी रत्ने वसूल करता येतात, एवढ्या एका प्रसंगासाठी मात्र या खेळाचे अनेक दोष पोटात घालावेत.

याच खेळाची आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. बेकायदा नक्कल रोखण्यासाठी निर्मात्यांनी जी तरतूद केली, तिच्यात नक्कल केलेली तबकडी थेट बंद पडत नसे. झोई ही परी आधी खेळणाऱ्याला सावध करी, मग जमवलेल्या वस्तू गायब होत, भाषा अचानक बदले आणि अखेरच्या लढतीपर्यंत पोहोचलेल्याला आरंभाला फेकून त्याची साठवलेली प्रगती पुसली जाई. संरक्षण पुरते फोडले गेले आहे की नाही, हे नक्कल करणाऱ्यांना संपूर्ण खेळ खेळल्याविना समजेना, आणि दोन महिन्यांहून अधिक काळ त्यांना दाद लागली नाही. चोराला लगेच न हटकता दमवून परत पाठवण्याची ही युक्ती, अंडीचोरांच्या मागे धावायला लावणाऱ्या खेळाला शोभणारीच.

त्यानंतर इन्सोम्नियाकने स्पायरो सोडला आणि हातात यंत्रे धरू शकणारा नायक घेऊन 'रॅचेट अँड क्लँक' (२००२) घडवला. चार पायांचा ड्रॅगन हातात काही धरू शकत नाही, ही अडचण त्यांना जाणवू लागली होती. त्याच वर्षी दुसऱ्यांच्या हातून आलेला 'एन्टर द ड्रॅगनफ्लाय' हा या उतरंडीच्या तळाशी जातो. तो घाईत बाजारात आणला गेला हे त्याच्या प्रत्येक दृश्यात जाणवते: एका प्रदेशातून दुसऱ्यात जाताना लांबलचक खोळंबा, धक्के खात चालणारे चित्र, आणि संपूर्ण खेळात मोठी लढत एकच.

'अ हिरोज टेल' (२००४) या ब्रिटनच्या युरोकॉम कंपनीच्या खेळाला चौथे स्थान देणे न्याय्य ठरेल. त्याने प्रदेशांमधली दारे काढून सलग जग उभे केले, शिंगांवर आपटून फोडायची काळी रत्ने आणली आणि तरंगण्याला पुन्हा महत्त्व दिले. गेम बॉय अॅडव्हान्स या हातातल्या यंत्रावरील खेळांत 'सीझन ऑफ फ्लेम' (२००२) बरा, पण तिरक्या कोनातून दिसणाऱ्या त्या चित्रात खोलीचा अंदाजच येत नाही, आणि झेपेवर उभ्या असलेल्या खेळाला हा दोष जिव्हारी लागतो.

२००६ ते २००८ मधील 'लेजेंड ऑफ स्पायरो' ही त्रयी कथेकडे आणि हाणामारीकडे वळली. एलायजा वुड यांनी स्पायरोला, तर गॅरी ओल्डमन यांनी इग्निटस या वडीलधाऱ्या ड्रॅगनला आवाज दिला, आणि 'डॉन ऑफ द ड्रॅगन' या शेवटच्या भागात तर कुठेही, केव्हाही उडता येऊ लागले. मोकळे उड्डाण मिळताच उंचीला किंमत उरली नाही. या त्रयीवर जीव असलेले चाहते पुष्कळ आहेत, सिंडर या पात्राची जडणघडणही दमदार आहे, पण प्लॅटफॉर्म खेळ म्हणून तिला वरचे स्थान देता येत नाही. २०११ च्या 'स्कायलँडर्स'मध्ये तर खेळण्यातल्या बाहुल्या एका पीठावर ठेवल्या की त्या पडद्यावर जिवंत होत. व्यापार म्हणून ती कल्पना प्रचंड यशस्वी झाली, आणि स्पायरो तिथे अनेकांतला एक झाला.

१३ नोव्हेंबर २०१८ रोजी टॉइज फॉर बॉब या कंपनीने मूळ तीन खेळ नव्याने रंगवून 'रीइग्नायटेड ट्रिलॉजी' या नावाने आणले. पूर्वी एकमेकांसारखे दिसणारे ८० ड्रॅगन इथे वेगवेगळ्या चेहऱ्यांचे झाले. कुणी चित्रकार, कुणी स्वयंपाकी, कुणी माळी. आरंभी संवादांखाली मजकूर नव्हता, तो टीका झाल्यावर पुढे जोडण्यात आला. नवे चित्र सुंदर असले तरी गवत, फुले आणि झालरी यांच्या गर्दीत दूरचे रत्न जुन्या सपाट रंगांइतके चटकन डोळ्यांत भरत नाही, हे मान्य करावे लागते. तरीही आज हे तीन खेळ खेळण्याची सर्वांत सुलभ वाट तीच आहे, कारण ती प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन, स्विच आणि संगणक या चारही ठिकाणी मिळते. घेणाऱ्याने सुरुवात पहिल्या खेळापासून करावी, आणि 'ट्री टॉप्स'ला पोहोचल्यावर उत्तर इंटरनेटवर शोधू नये.