रामटेकला निघालेला मुलगा रिद्धपूरला पोचला!

मोर्शीकर मंडळी, आपल्याच तालुक्यातल्या रिद्धपूरची ही बाप-लेकाची गोष्ट. 'लीळाचरित्र' सांगतं : गुजरातच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळ रामटेकला जायचं म्हणून हटून बसला. वाट यादवांच्या, म्हणजे शत्रूच्या मुलखातून. वडील विशाळदेव आधी नाहीच म्हणाले; शेवटी सोबत लवाजमा देऊन सोडलं. लेकानं वाटेतच माणसं माघारी धाडली, एकट्यानंच रिद्धपूर गाठलं! तिथल्या बाजारात संत गोविंदप्रभूंनी हाती ठेवला शेंगुळ्याचा प्रसाद. हरिपाळाचे महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर झाले ते तिथून.

बापाचा विश्वास मोडला का? मला तसं वाटतं खरं. महानुभाव मंडळींना मात्र तसं वाटणार नाही; ती गोविंदप्रभू आणि चक्रधर, दोघांनाही पंचकृष्णांत, म्हणजे पाच अवतारांत मानतात. पुढे चक्रधरांचे शिष्य म्हाइंभट यांनी त्यांचं हे चरित्र, 'लीळाचरित्र', रिद्धपुरातच सिद्ध केलं. मराठी भाषा विद्यापीठही आता तिथंच आहे.